‘मले’खालची लाल रेघ

यॉर्कशायर, इंग्लंड
रविवार, २८ जानेवारी १९७९

तीर्थरूप बाबांस,
प्रेमिलाचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांत होऊन गेली आणि तिळगूळ काल पोचला. थंडीने इतका कडक झाला होता की घरमालकीण मिसेस होल्ट यांनी तो आधी हातोडीने फोडला आणि मग गोड बोलल्या. त्याच टपालाने माझे मागचे पत्रही परत आले. ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका, ‘इकडे लय थंडी’मधल्या ‘लय’खाली दोन लाल रेघा आणि दहापैकी साडेसात! बाबा, मी बावीस वर्षांची झाले, बी.ए. झाले, शिक्षिका व्हायला सातासमुद्रापलीकडे आले, तरी साडेसातच्या वर काही सरकत नाही. नरखेडकडच्या तुमच्या शाळेतल्या पोरांना तरी कधी आठ दिलेत का हो?

आता काळजीचे. प्राथमिक शाळेत माझे सराव-पाठ सुरू होऊन तीन आठवडे झाले. वर्गात सहा-सात वर्षांची एकोणतीस मुले. रोज सकाळी मुलांनी आपापली बातमी सांगायची, बाईंनी ती फळ्यावर लिहायची आणि मग सगळ्यांनी वाचायची, अशी इथली रीत. ट्रेसी नावाची एक बारकी पोरगी आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी तीच उठली आणि आजोबांच्या कुत्रीला पिल्ले झाली म्हणून सांगू लागली. पण इथली माणसे गावठी इंग्रजी बोलतात. ‘नथिंग’ला ‘नाउट’ म्हणतात, ‘आय वॉज’ला ‘आय वर’. मी तिला थांबवून थांबवून शुद्ध रूप सांगितले. पिल्ले किती झाली तिथवर ती पोचलीच नाही, त्याआधी मी पाच वेळा अडवली होती. पोरगी खाली बसली ती बसलीच. तेव्हापासून तोंडाला कुलूप. तिचे पाहून बाकीचीही हळूहळू गप्प झाली आहेत.

आमच्या पर्यवेक्षिका मिस ब्रॅडली परवा मागच्या बाकावर बसून गेल्या. म्हणाल्या की तुझे इंग्रजी माझ्यापेक्षा शुद्ध आहे, पण मुलेच बोलत नसतील तर शिकवतेस कोणाला? शेवटचा पाठ त्या बारा मार्चला पाहणार आहेत. त्यात नापास झाले तर प्रमाणपत्र नाही, आणि शिष्यवृत्ती एकाच वर्षाची. मला रडू येते. काय करू, सांगा.

आणि आईला म्हणावे, एकदा तरी दोन ओळी स्वतःच्या हाताने लिही. मी येऊन चार महिने झाले, दर पत्रात ‘तुझी आई बरी आहे’ एवढेच वाचते.

लोभ असावा, आणि गुण देताना हात थोडा सैल असावा.
आपली,
प्रेमिला


प्रताप नगर, नागपूर
८ फेब्रुवारी १९७९

चि. प्रेमिला हिस,
रुपरावचे अ. उ. आ.

तुझे पत्र तपासून सोबत परत पाठवीत आहे. ‘पोरगी’ हा शब्द शिक्षिकेच्या लेखणीला शोभत नाही, ‘मुलगी’ लिहावे. ‘मला रडू येते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. एकूण सात गुण.

खचून जाऊ नये. अशुद्ध बोलणे शेतातल्या तणासारखे असते, कोवळे असतानाच उपटलेले बरे. मी तीस वर्षे हेच केले. माझ्याही वर्गात मुले आधी गप्प बसत, पुढे शुद्ध बोलू लागत. तुझेच उदाहरण घे. घरात तुला ‘मले-तुले’ बोलू दिले असते तर आज विलायतेत असतीस काय? त्या ट्रेसीकडून रोज पाच शुद्ध वाक्ये घोकून घे.

तुझ्या आईला लिहिण्याची सवय राहिलेली नाही. चौथी शिकलेली आहे, पण पत्र म्हटले की तिला कामे आठवतात. काल तुझा निरोप सांगितला, तर म्हणाली की कोथिंबीर (तिच्या भाषेत सांबार) निवडायची पडली आहे.

इकडे सर्व क्षेम. आशीर्वाद आहेतच, त्यांच्या जोडीला अभ्यास असावा.
तुझा,
रुपराव


परताप नगर, नागपूर
सोमवार, १२ फेब्रुवारी

बाई प्रेमिला,
तुह्या मायचे लय लय आशीर्वाद.

हे पत्र तुह्या बाबाईले मालूम नाई. ते वाचनालयात गेले अन् मी सैपाकघरात पाटावर बसून लिवून राहिली. निळं पत्र शेजारच्या सत्यवतीनं पोस्टातून आणलं, पत्ता बी तिनंच इंग्रजीत लिवला. अठ्ठावीस वर्साचा गंज हाय हाताले, तवा अक्षर पाहून हासजो नको.

तुहं पत्र त्याईनं वाचून दाखवलं. त्या ट्रेसीचं आयकलं वं. तिचं तोंड काहून बंद झालं, ते मले मालूम हाय.

लगन झालं त्या साली दिवाळीले मी माहेरी गेली होती, माही बहीण जिजाबाई अन् मी. तुह्या बाबाईची लय याद ये. तवा मी त्याईले पत्र लिवलं, जलमातलं पह्यलं. ‘तुमच्याबिगर मले करमून नाई राह्यलं’ असं लिवलं होतं. लाजत लाजत पोस्टात टाकलं. आठ दिवसानं तेच पत्र वापस आलं. ‘मले’खाली लाल रेघ, ‘तुमाले’खाली लाल रेघ. अकरा रेघा होत्या, मी मोजल्या ना. खाली दहापैकी पाच मार्क. अन् मले करमून नाई राह्यलं, त्याचा जबाबच नाई! तवापासून मी पेन हातात धरला नाई. तुहे बाबा वाईट नाईत बाई, लय जीव लावतेत. पन माहं पत्र त्याईनं तपासलं, वाचलं नाई.

त्या पोट्टीले आंधी तिचे पिल्ले मोजू दे. कितीक होते, कोन्या रंगाचे होते, ते इचार. व्याकरण काय पळून चाललं का?

बाबाईले सांगजो नको. पाय गरम ठेवजो. अन् खबरदार, मले मार्क देशीन तर!
तुही माय,
पंचफुला


यॉर्कशायर, इंग्लंड
१३ मार्च १९७९

तीर्थरूप बाबांस,
प्रेमिलाचा शि. सा. न. वि. वि.

पास झाले! बाबा, पास झाले! मिस ब्रॅडलींनी काल कागदावर सही केली आणि मिसेस होल्टनी संध्याकाळी केक केला.

तुमची पाच वाक्ये मी घोकून घेतली नाहीत, क्षमा करा. मी ट्रेसीच्या बाकाशी जाऊन खाली बसले आणि पिल्ले किती झाली ते विचारले. तिने बोटांवर मोजले. मग हळूच म्हणाली की सहा झाली, पाच लोकांनी नेली, एक काळे उरले आहे, पण त्यात खोट ‘नाउट’ आहे. मी उठून फळ्यावर तस्सेच लिहिले, ‘नाउट’सकट. तिने विचारले की बाई, आमचा हा शब्द लिहिता येतो? मी म्हटले, येतो तर. मग त्याखाली पुस्तकातले वाक्य लिहिले आणि सांगितले की हे तुझे आजोबा बोलतात, हे पुस्तक बोलते, आपल्याला दोन्ही यायला हवीत. दुसऱ्या दिवसापासून बातम्या सांगायला रांग लागते. काल तर मिस ब्रॅडलींच्या समोर ट्रेसी थांबेचना. तिने मला आपल्याकडच्या कुत्र्याचे नाव विचारले होते, ते आता त्या काळ्या पिल्लाला दिले आहे. आजोबा त्याला ‘मोटी, मोटी’ म्हणून हाका मारतात.

ही युक्ती मला कोणी सुचवली ते विचारू नका. लाल पेन मी खणात ठेवले आहे. तुम्हाला एकच विनंती, हे पत्र तपासून परत पाठवू नका. आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि ठेवून घ्या. बाबा, मले लय आनंद झाला आहे, आणि तो शुद्ध लिहायला आज मला सवड नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, गुण नकोत.
तुमची,
प्रेमिला


प्रताप नगर, नागपूर
२४ मार्च १९७९

चि. प्रेमिला हिस अ. उ. आ.

अभिनंदन. तुझे पत्र परत पाठवीत नाही.

तू सांगितल्याप्रमाणे तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवले. ‘मले लय आनंद’पाशी आलो आणि सवयीने माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. ती माझ्या हाताकडे पाहत होती. काय झाले विचारले, तर सांबार निवडायचा आहे म्हणून आत गेली. त्या दिवशी घरात सांबार नव्हताच. तेव्हा कुठे मला आठवले. तिने फार पूर्वी मला एक पत्र लिहिले होते आणि मी त्यावर अकरा रेघा मारल्या होत्या. बाई, रेघा अकरा होत्या हे आठवले, पत्रात काय होते ते काही केल्या आठवेना. मला माझीच लाज वाटली.

मी ट्रेनिंगला नागपुरात आलो तेव्हा पहिल्याच दिवशी ‘मले समजलं नाई गुरुजी’ म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. माझ्या माणसांना असे कोणी हसू नये, एवढेच मनात होते. पण तिला गप्प मीच केले.

पत्रात काय लिहिले होतेस, असे मी तिला विचारले. म्हणाली की आता कायले? दुसऱ्या दिवशी म्हणाली की जिजाबाईकडे संत्र्याचा शेवटचा तोडा आहे, मी महिनाभर जाते. परवा एस.टी.त बसवून दिले. घर अगदी शांत आहे आणि माझा चहा मीच करतो, तो प्यायच्या लायकीचा नसतो.

तू आता शिकलेली शिक्षिका आहेस. मी काय करावे, ते कळवावे.
तुझा,
बाबा


जिजीच्या घरून, ता. नरखेड
१६ एप्रिल

बाई प्रेमिला,
मायचे आशीर्वाद.

अव बाई, तुह्या बाबाईचं पत्र आलं! मले! त्याईले तू काय शिकवलं मले मालूम नाई, पन अठ्ठावीस वर्सानं माह्या पत्राचा जबाब आला. जिजी दारातून वराडत आली की पंचफुले, तुह्या नावाचं टपाल हाय. मले वाटलं कोनी मेलं.

अन् लिवलं कसं? आपल्या बोलीत! त्याईची माय बोले तसं लिवाले गेले अन् बाप्पा बाप्पा, सारा घोटाळा. ‘तुले’च्या जागी ‘तुझ्याले’. ‘काहून’च्या जागी ‘कावून’. ‘मले बी करमत राहिले नाही’ म्हन्ते. असं कोनी बोलते का वं? मंग मी जिजीच्या सुनेचा लाल पेन घेतला अन् बसली तपासाले. बारा रेघा मारल्या, त्याईच्याहून एक जास्त. दहापैकी चार मार्क देल्ले. जिजी हासून हासून खाटेवर पडली.

शेवटी एक ओळ होती, ‘मी चुकलो’. ती आपल्या बोलीत बी तशीच अन् पुस्तकात बी तशीच. तिले रेघ नाई मारली.

तोडा अजून आठ दिवस हाय, पन मी थांबून नाई राहिली. तपासलेलं पत्र पोस्टानं वापस धाडत असतेत का? उद्याच्या पह्यल्या एस.टी.नं मीच घेऊन जाऊन राहिली. बाजूले बसवून एकेक चूक समजावून सांगीन.

लोभ ठेवजो, अन् आता पत्र दोघाईच्या नावानं लिवजो.
तुही माय,
पंचफुला
(चौथी पास)