चिलमीतला खडा

लिंबायत, सुरत
रविवार, ता. १२ एप्रिल १९९८

सुकलालभाऊंना धुरपदावहिनीचा आशीर्वाद. सुंदराला आणि पोरांनाही सांगा. इकडे सर्व ठीक.

तुम्हाला मी एक गोष्ट विचारली होती. एकच. आबांची चिलीम किती दिवसांनी भाजायची. त्यावर तुम्ही दोन पानं भरून काय लिहिलं? कांद्याचं लिहिलं, म्हैस आटली ते लिहिलं, विहिरीवरची मोटार जळाली ते लिहिलं. आणि शेवटी, जागा उरली म्हणून, "वहिनी, चिलीम कोणी ओढत नाही तर घाण कशी होईल, उगीच काय घासत बसता." भाऊ, मी तिसरीतून घरी बसली, पण एवढं मला पण कळतं. कोणी ओढत नाही तर घाण कशी होईल, हेच मी तुम्हाला विचारून राहिली.

आणि खाली लिहिता, दादाला दोन ओळी लिहायला सांगा, चार महिने झाले त्याचं अक्षर पाहिलं नाही. ते लिहिणार नाहीत. का ते पुढे सांगते.

चिलीम घरात ठेवा हे तुम्हीच सांगितलं. आबांचा दहावा झाला, डोकं भादरून तुम्ही गावी निघाले आणि एस.टी.त एक पाय ठेवून मला म्हणता, वहिनी, बापाची चिलीम पहिल्या आखाजीपर्यंत, अक्षय तृतीयेपर्यंत, जपायची. आखाजीला त्याच्या नावाची घागर भरायची, चिलीम घागरीजवळ ठेवायची, मग पाण्यात सोडायची. तोवर रिकामी ठेवायची पण मळकी ठेवायची नाही, असं आपल्या घरात आहे. असेल. मी सून. सांगितलं ते केलं.

आबा होते तेव्हा पण मीच भाजायची. त्यांचं ठरलेलं होतं, "पुनीले पुसानी, अमुशाले भाजानी." पौर्णिमेला नुसता चिंधीचा पिळा आरपार ओढायचा. अमावस्येला मात्र शेगडीत निखाऱ्यांत पुरायची, लाल होऊ द्यायची, म्हणजे आतलं कीट जळून जातं. मग राखेतच थंड करायची. घाई केली, पाणी मारलं, की मातीची चिलीम तडकलीच. ओढताना बुडाला गुंडाळतात ते छापीचं फडकं वेगळं धुवायचं. आणि आतला खडा, तंबाखूचा जाळ तोंडात येऊ नये म्हणून चिलमीत टाकतात तो, तो पाण्यात उकळायचा आणि कोनाड्यात सुकवायचा. आबांचा खडा तुम्ही लहानपणापासून पाहिलेला. बोरी नदीची गारगोटी, पांढरी, तीन बाजूंनी घासलेली. उकळली की अशी निघायची, लहान पोराचा दात जसा.

आबा कार्तिकात गेले. पहिल्या अमावस्येला मी चिलीम काढली तर आत कीट. म्हटलं, मागचं राहिलं असेल. भाजली. पुढच्या अमावस्येला परत तेवढंच. संक्रांतीनंतर पौर्णिमेलाच भरली. होळीनंतर आठवडा पण धरेना. आता मी रोज सकाळी काडी घालते, आणि काडी ओली निघते. वाळलेलं नाही भाऊ, ओलं. बोटाला चिकटतं. वास ताजा, जशी आता कोणी ओढून ठेवली.

आधी मी कुंदनवर आली. पोरगा जवान, गोडादऱ्याला मित्रांत बसतो, म्हटलं हाच. नाही नाही ते बोलली. तो हसायला लागला. "आई, मी गुटखा खातो. चिलीम म्हातारे ओढतात." मग मी चिलीम पत्र्याच्या पेटीत टाकली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला. किल्ली अजून कमरेलाच आहे. कीट रोजचंच.

आता तुमच्या दादांचं. खोकला आहे. तो तर इथे सगळ्यांना असतो, लूमच्या खात्यात कापसाचा बुरा उडतो, कोणाची छाती चांगली राहील? म्हणून मी मनावर घेतलं नाही. फाल्गुनात एके दिवशी खात्यातली दोन माणसं त्यांना रिक्षातून घेऊन आली. मशीन चालू असताना छाती धरून बसले म्हणे, "आग लागली, आग लागली" करत. डॉक्टरने सुई मारली, गॅस झाला म्हणाला. मी घरात होती. चिलीम तेव्हा शेगडीत होती. पण ते तेव्हा डोक्यात आलं नाही.

डोक्यात आलं ते रजेच्या दिवशी. तुम्ही इथे राहून गेले आहात, आमच्या गल्लीत लूमची खटखट कधी थांबत नाही हे तुम्हाला माहीत आहे. रजेला लाइट बंद, सगळी खाती बंद, आणि मग जे रोज ऐकू येत नाही ते ऐकू येतं. दुपारची वेळ. तुमचे दादा फरशीवर झोपले होते. मी तांदूळ निवडत होती. आणि आवाज आला. सूंऽऽ, आणि मग खुर्र. तुंबलेली चिलीम आबा जोर लावून ओढायचे ना, तोच. मी पेटीकडे पाहिलं. पेटीतून नव्हता. तुमच्या दादांच्या छातीतून होता.

मी ताट बाजूला केलं. पेटी उघडली, चिलीम डोळ्याला लावून उजेडाकडे धरली. आरपार काही दिसेना, पार बुजलेली. तशीच शेगडी पेटवली आणि निखाऱ्यांत ठेवली. चिलीम लाल व्हायला लागली आणि ते झोपेतून उठून बसले. घामाने भिजलेले, छाती चोळतात, बोलता येत नाही. चिमट्याने बाहेर काढावी तर तडकेल, म्हणून मी नुसती बघत बसली. मग राखेत ती थंड होत गेली तसे ते पण शांत होत गेले. श्वास मोकळा झाला. एकदम स्वच्छ. आणि मग माझ्याकडे बघून काही बोलले. काय बोलले ते सांगते, थांबा.

त्याच दिवशी मी खडा उकळला. काळाच. आबा गेल्यापासून तो काळाच निघायचा, मी कीट समजून तसाच परत टाकायची. परत उकळला, राखेने घासला, विटेने घासला. हात सोलले, पण तो पांढरा होईना. मग उंबऱ्यात उजेडाला नेला आणि नीट पाहिला. ते कीट नव्हतंच भाऊ. दगडच काळा आहे. गोल, आणि एका बाजूने टवका उडालेला. मडक्यावर मारल्यावर उडतो तसा.

आता तुम्ही आठवा. मी आठवून देते. आबांना तापीवर नेलं. मडकं फोडलं तो खडा, जीवखडा, तुमचे दादा उपरण्यात घेऊन आले. भटजी म्हणाले, दहाव्यापर्यंत जीव ह्यात राहतो, रोज तेल-पाणी घाला, दहाव्याला नदीत सोडा. एका खोलीत ठेवायचा कुठे? ठेवला कोनाड्यात. त्याच कोनाड्यात आबांची चिलीम, छापी आणि तो पांढरा खडा सुकत पडला होता, कारण आबा गेले ती अमावस्याच होती आणि मी सकाळीच सगळं उकळलं होतं.

दहाव्याला घाटावर सगळे पोचले आणि जीवखडा घरी राहिला. दादा न्हाव्यापुढे बसलेले. रिक्षा करून परत कोण आलं? तुम्ही. मी पिठाच्या हातांनी चुलीपुढे. तुम्ही दारातून ओरडले, "वहिनी, खडा कुठे?" मी म्हटलं कोनाड्यात. तुम्ही हात घातला, मूठ मिटली आणि पळाले. चप्पल पण काढली नव्हती.

कावळा आठवतो का? भिंतीवर बसून होता म्हणे. दुसरे लोक आले, त्यांच्या पिंडाला शिवला, आपल्याकडे मान फिरवली. पोराचं लग्न करू म्हटलं, सुकलालला सांभाळू म्हटलं, तंबाखूची पुडी पण ठेवली. नाही आला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला. घरी आल्यावर तुम्हीच म्हणाले, "वहिनी, सुरतचे कावळे गुजराती आहेत, त्यांना आपला भात चालत नाही." सगळे हसले. मी पण हसली.

मग मी कोनाडा आवरला. एकच खडा उरला होता, तेलकट, काळा. मी म्हटलं चिलमीचाच, शेजारचं तेल लागून मळला. चिलमीत टाकून दिला.

आता तुमच्या दादांनी मला काय म्हटलं ते. ते मला काय हाक मारतात, तुम्हाला माहीत आहे. कुंदननी माय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, कुंदन झाल्यापासून दुसरी हाक नाही. त्या दिवशी श्वास मोकळा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, चिलीम भाजी का व?"

आवाज त्यांचाच. पण "व" लांबवला, आबा लांबवायचे तसा.

हात आपोआप डोक्यावर गेला आणि मी पदर घेतला.

तेव्हापासून घेते. शांताबाई शेजारची, परभणीकडची, तिचं तोंड तुम्हाला ठाऊक. सगळ्या बायांसमोर म्हणाली, "काय गं धुरपदा, नवऱ्यापुढं पदर घेतीस? सासरा आला का काय घरी?" बाया फिदीफिदी हसल्या. मी पण तोंड वाकडं करून हसली. आणि आता मी तिच्याच घरी झोपते. तिला सांगितलं, ह्यांच्या खोकल्याने झोप लागत नाही. तुम्हाला खरं सांगते. ज्याने सूनबाई म्हटलं त्याच्या खोलीत सून झोपत नाही.

सगळा वेळ तसे नसतात. सकाळी खात्यावर जाताना तेच असतात, डबा घेतात, कुंदननी माय म्हणतात, तू शांताबाईकडे का झोपतेस म्हणून रागावतात. त्यांना काही माहीत नाही. पण चिलीम भाजली की त्यांच्यात आबा येतात. आधी थोडा वेळ असायचं, आता संध्याकाळपर्यंत चालतं. आबांसारखा डावा पाय ओढतात. ताटाला पाच बोटं लावून मग जेवतात. गेल्या पगाराला खात्यात सहीच्या जागी अंगठा दिला. सातवी शिकलेला माणूस. पगार वाटणाऱ्या मेहताजीने विचारलं, "शुं थयुं, भूली गया?" तर हसले म्हणे. आता कळलं का, दादा का लिहीत नाहीत? मी कागद पुढे केला होता. पेन हातात धरून बराच वेळ बघत राहिले, आणि मला म्हणाले, तूच लिही, सुकलालला माझा आशीर्वाद सांग. मोठा भाऊ आशीर्वाद देतो, ठीक आहे. पण तुमचे दादा तुम्हाला कधी आशीर्वाद सांगतात का? ते तर शिव्या सांगतात.

तर हे असं आहे. भाजली नाही तर त्यांचा श्वास कोंडतो, डोळे पांढरे होतात. भाजली तर श्वास येतो, पण त्यांच्याबरोबर आबा थोडे जास्त येतात. म्हणून विचारत होती किती दिवसांनी भाजायची. हौस म्हणून नाही विचारलं.

खडा काढून दुसरा टाकून पाहिला. छातीवर हात ठेवून असे तडफडले की परत तोच टाकावा लागला. तापीवर पण गेली होती. पुलावर उभी राहिली, मुठीत खडा. हात वर केला, पण सोडला नाही. माझा नवरा त्या वेळी खात्यात दोन मशीनच्या मध्ये उभा असणार. मी खडा सोडला तर पाण्यात कोण जाईल? आबा एकटे जातील, की ज्यांच्या छातीत बसले आहेत त्यांना पण घेऊन जातील? खडा गरम झाला होता. उन्हाने नव्हे, मूठ बंद होती.

आबांवर माझा राग नाही. बारा वर्षं त्यांची चिलीम भाजली, कधी तडकू दिली नाही. पण त्यांचं झालं. त्यांनी जावं. माझा माणूस मला पाहिजे.

आता तुम्ही दोन कामं करा. एक, डोळे मिटून आठवा, त्या दिवशी मुठीत काय होतं. पांढरं की काळं. भटजींना देताना पाहिलं असेल, पाण्यात टाकताना पाहिलं असेल. माहीत नाही असं लिहू नका. दोन, राघोबाबांकडे जा, गावात जुनं सांगणारे तेवढेच उरले. विचारा, जीवखडा चुकला आणि जिवंत माणसात बसला तर कसा सोडवायचा. ज्याच्या हाताने चुकला त्याच्याच हाताने सोडायचा असतो का, हे खास विचारा. मला वाटतं तसंच असणार. तसं असेल तर पत्र लिहू नका, गाडीत बसा.

अमावस्या सव्वीस तारखेला, रविवारी आहे. त्या दिवशी चिलीम भाजावीच लागेल, त्याच्यापुढे थांबणं माझ्याने नाही होणार. आणि मग तीन दिवसांनी आखाजी. कुंभाराकडून घागर आणून ठेवली आहे. कोणाच्या नावाने भरू? आबांच्या नावाने भरली आणि घरात कोणी म्हटलं, आण इकडे सूनबाई, तर मी काय करू?

पंचवीस तारखेच्या शनिवारी दुपारपर्यंत तुमचं उत्तर पाहिजे, नाहीतर तुम्ही पाहिजे. पांढरा की काळा. कांद्याचं काही लिहू नका.

अजून तरी तुमची वहिनी,
धुरपदा