मामाच्या छातीची फिल्म

४ जून

ती. मामास सा. न. वि. वि.

छातीच्या वॉर्डात रुजू होऊन दोन महिने झाले आणि तुझ्या भाचीने नाव काढलं, हे आधी सांगते. रोज सकाळी प्रकाशाच्या पेटीवर एक्स-रे लावतात आणि आम्ही शिकाऊ डॉक्टरांनी तो मोठ्या डॉक्टरांसमोर वाचायचा असतो. परवा मी फिल्म लावली, घसा साफ केला आणि या रुग्णाचं हृदय उजवीकडे आहे, असं दुर्मीळ निदान ठणकावून सांगितलं. मोठे डॉक्टर पुढे आले, फिल्म काढली आणि उलटून परत लावली. रुग्णाचं हृदय जागेवर आलं, माझं अजून आलेलं नाही. आता सिस्टरसुद्धा मला उजवी बाई म्हणतात.

ते असो. मामीने कळवलंय की तुझा खोकला सहाव्या आठवड्यात गेलाय आणि वजनही उतरलंय. चाळीस वर्षं एक्स-रे टेक्निशियन म्हणून जगाला मशीनसमोर उभं केलंस, आणि स्वतःच्या छातीची एकही फिल्म नाही. मला खरंच भीती वाटते आहे. या आठवड्यात जाऊन ये. तिथे रिपोर्टला वेळ लागणार असेल तर फिल्म मला पाठव.

लोभ आहेच, खोकला नसावा.
तुझी भाची

१२ जून

चि. उजव्या बाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं, त्यामुळे पळवाट उरली नाही. काल जुन्या खात्यात गेलो. मशीनवर आता माझीच शिष्या आहे. तिने सदरा काढायला लावला, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि श्वास भरून धरायला सांगितलं. आयुष्यभर हे दुसऱ्यांना सांगणाऱ्या माणसाला ऐन वेळी ठसका लागला. दोन फिल्म वाया गेल्या. तिसऱ्या वेळी तिने मला झापलं, तेही माझ्याच शब्दांत. पोरीने माझं सगळं उचललंय, आवाजासकट.

मग सवयीने डार्करूममध्ये घुसलो आणि फिल्म स्वतः धुतली. नीट आली आहे. फिल्म वाचणारे डॉक्टर रजेवर आहेत, म्हणून दोन पुठ्ठ्यांत बांधून तुला पाठवतो. सावकाश बघ. सुलट लावलीस तर उत्तम.

आठवण ठेव, जेवण वेळेवर कर.
तुझा मामा

१९ जून

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

फिल्म सोमवारी मिळाली. सुलट लावली, तीनदा खात्री केली. आणि उजव्या फुप्फुसात खाली, वाटाण्याएवढी गोल सावली दिसली. अशा सावलीबद्दल पुस्तकात जे जे लिहिलंय ते सगळं मला एका दमात आठवलं. परीक्षेत कधी आठवलं नव्हतं. चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन मी रडले. मामीला काय सांगायचं त्याची वाक्यंही जुळवली.

डोळे पुसून मोठ्या डॉक्टरांना गाठलं. ते तातडीच्या रुग्णाकडे निघाले होते. त्यांनी मी दाखवली ती सावली उभ्या उभ्या बघितली, पेशंटच्या पाठीवर काही आहे का, एवढं विचारलं, उरलेली फिल्म नीट वाचून कळव म्हणाले आणि गेले. मी तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावून मामीला बोलावलं. ती म्हणाली की खांद्याच्या पात्याखाली चामखीळ आहे, लग्नाच्या आधीपासूनची आहे, आणि आमच्या डॉक्टरांना ती इतक्या लांबून कशी काय दिसली. मामा, मी तुझ्या चामखिळीसाठी रडले रे. आनंदाच्या भरात अख्ख्या वॉर्डाला चहा पाजला. खात्रीसाठी चामखिळीभोवती तारेची कडी चिकटवून आणखी एक फिल्म काढ, की सुटलो. खोकल्याचं औषध लिहून पाठवते आहे.

माया असू दे, पाठीची काळजी घे.
तुझी रडूबाई

२७ जून

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

कडीचं प्रकरण पार पडलं. मामी खास बघायला आली होती. सावली बरोबर कडीच्या मधोमध. मामीने ही हकिगत गल्लीभर केली आहे, त्यामुळे घरात आता माझ्यापेक्षा चामखिळीची चौकशी जास्त होते. मला जन्मात पहिल्यांदा प्रसिद्धी मिळाली तीही पाठीमागे.

एक काम कर. आमच्याकडे एक म्हातारे डॉक्टर फिल्म वाचायचे. काही सापडलं की ते त्यावर तळहात ठेवायचे, आणि उरलेली फिल्म नव्याच माणसाची असल्यासारखी पहिल्यापासून वाचायचे. एक सापडलं की डोळे सुटीवर जातात, असं त्यांचं म्हणणं. माझी फिल्म पुन्हा लाव. चामखिळीवर हात ठेव. कोपऱ्यांपासून सुरुवात कर. खोकला आहे तसाच आहे.

आपुलकी राहू दे.
तुझा मामा

४ जुलै

ती. मामास सा. न.

आज थट्टा सुचत नाही. तळहात ठेवला. डावीकडे वर, गळ्याखालच्या आडव्या हाडामागे सावली आहे. पुसट आहे, पण उजव्या बाजूशी ताडून बघितली की लपत नाही. ती पंधरा दिवस माझ्यासमोर होती आणि मी चामखिळीच्या नावाने चहा वाटत होते. त्यापेक्षा हृदय उजवीकडे दाखवलेलं बरं, त्यात निदान कुणाचे दिवस गेले नाहीत.

मोठ्या डॉक्टरांनी आधी स्वतःला बोल लावला, मग मला. क्षयाची शक्यता जास्त आहे आणि तो औषधांनी बरा होतो. दुसरं काही असू शकतं, तेही तुझ्यापासून लपवत नाही. थुंकी तपासायची आहे, पुढच्याही तपासण्या आहेत. पंधरा तारखेला मामीला घेऊन ये. तोवर खोकताना रुमाल धर आणि खिडक्या उघड्या ठेव.

आणि एक विचारते. फिल्म तू स्वतः धुतलीस. तुला तेव्हाच दिसलं होतं ना? मग तीन आठवडे गप्प का बसलास? मला तुझा राग आलाय आणि तू मला हवा आहेस, दोन्ही एकदम.

तुझीच

१० जुलै

चि. डॉक्टरीणबाईस मनापासून आशीर्वाद.

दिसली होती. फिल्म पाण्यातून वर काढली तेव्हाच.

चाळीस वर्षं मी प्रत्येकाची बातमी त्याच्याआधी बघितली. बाहेर बाकावरची माणसं माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायची. चेहरा कोरा ठेवायचा आणि डॉक्टर सांगतील म्हणायचं, एवढीच माझी विद्या. या खेपेला बाकावरचा माणूसही मीच निघालो. त्याला काय सांगावं कळेना, म्हणून तेच सांगितलं. मग तुझी चामखीळ आली आणि वाटलं, डॉक्टर मंडळी हसताहेत म्हणजे मलाच चुकीचं दिसलं असेल. चार दिवस तसं मानूनही बघितलं. या वयात इतका मूर्खपणा जमेल असं वाटलं नव्हतं. तू तुझ्या चुकीचं मनाला लावून घेऊ नकोस. तू न बघता चुकलीस, मी बघून. तरी तूच शोधलंस, त्याचा मला अभिमान आहे.

पंधराला येतो. भीती वाटते, हे लिहून टाकतो. तू सांगितल्यापासून जरा कमी वाटते.

मामीला अजून बोललेलो नाही, तुझं पत्रही पोस्टमनकडून परस्पर घेतलं. चेहरा कोरा ठेवायची विद्या तिच्यापुढे कधीच चालली नाही, म्हणून गेला महिनाभर तिच्याशी बोलताना तोंडासमोर वर्तमानपत्र धरतो आहे. आत्ता ती समोर येऊन बसली आहे, आणि वर्तमानपत्र तिच्या हातात आहे.

लोभ सोडू नकोस.
तुझा मामा