शॉकअपचा चिमटा

१२ ऑक्टोबर २००३, रविवार

तुटला! पुन्हा तुटला! आंजीच्या रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे. पुढच्या चाकाचा चिमटा डावीकडून वेल्डिंगपाशी सुटला अन् मी हँडलवरून सरळ बाभळीत. कोपर सोललं. कापसाच्या वावरातली बाई हसून हसून वाकली. म्हणे, "काऊन भाऊ, साध्या सायकलीनं तुमचं काय घोडं मारलं व्हतं?"

तिले काय सांगू? की या चिमट्यात नळीत नळी हाय, आत मोपेडची स्प्रिंग हाय, दगड आला की धक्का स्प्रिंगनं खायचा, माणसानं नाई?

सायकल खांद्यावर घेऊन आलो. सात किलोमीटर.

१४ ऑक्टोबर

भैय्याजी — माझे मालक, लेथ त्यांची, ट्रॉल्या बनवतात — तुटका चिमटा पाहून म्हणाले, "प्रफुल, डिप्लोमा केला तू, डोकं गहाण ठेवलं काय रे? ट्रॉलीचे हूक पाह्य पहिले." पण लेथ वापरू देतात. सुट्टीनंतर एक तास. माणूस वाईट नाई.

१९ ऑक्टोबर

ओमप्रकाशजींचा फोन! मले खरंच वाटत नव्हतं ते करतील म्हणून. उन्हाळ्यात जाम गावच्या चौकात चहा पिताना माझी सायकल पाहून थांबलते. पुण्याच्या सायकल कंपनीत डिझाइनले आहेत, मूळचे नागपूरचे. डोंगरात चालणारी सायकल काढून राह्यले. म्हणाले, "कागद नको भाऊ. हातानं बनवलेला नमुना आणा, वीस डिसेंबरच्या आत. सहा महिने आमच्यासोबत काम करा, मग पक्कं करू."

आईले सांगतलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "अन् आपला नंबर? चौथा हाय."

झालं! विषय संपला.

बाबा नोकरीत असताना गेले, ९५ साली. तेव्हापासून माझं नाव अनुकंपाच्या यादीत. आठ वर्षं! आई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाबांच्या ऑफिसात जाऊन नंबर विचारून येते. एकोणीस, अकरा, सात, चार. मी एकदाही गेलो नाई. बाबांच्या खुर्चीसाठी हात जोडून उभं राहायची लाज वाटते. ते काम तिनं घेतलं, बरंच झालं.

३ नोव्हेंबर, सोमवार

आई दुपारी आली, उन्हानं लाल झालेली. चौथाच. "साहेब म्हणाले, पोराले गाव सोडू देऊ नका. बोलावलं अन् हजर नसला तर नाव कटते."

म्हणजे मी नागपूरलेही रात्र काढू नये. तीस वर्षांचा घोडा मी, अन् दावणीले बांधलेला! ओरडावंसं वाटलं. जेवलो अन् झोपलो.

९ नोव्हेंबर

तुटायचं थांबलं. जोड बदलला, नळी जाड घेतली. आता दुसरंच. स्प्रिंग दबते छान, पण उसळते तेव्हा हँडल थेट छातीत! तिले हळू सोडणारं काहीतरी आत पायजे. तेल भरलं तर गळते. रबर घातलं तर दोन दिवसांत भुगा.

डोकं चालून नाई राह्यलं.

१६ नोव्हेंबर

सापडलं! अल्लीपूरले जिनिंगमध्ये ट्रॉलीचं काम होतं. तिथं कोपऱ्यात रोलरचे जुने वॉशर पडलेले. चामड्याचे, कापूस ओढून ओढून गुळगुळीत झालेले. त्यांची चळत दांड्यावर ओवून नळीत बसवली तर? स्प्रिंग उसळली की चामडं नळीले घासणार, अन् सावकाश सोडणार! मुनीमजीले मागितले. "हे तर फेकाचेच हायेत," म्हणाले अन् पिशवीभर दिले.

२३ नोव्हेंबर

आंजीपर्यंत गेलो अन् आलो. गाडीवाटेच्या चाकोऱ्या, गोटे, नाल्याचा उतार — चाक खाली नाचून राह्यलं अन् हात शांत! एकटाच हसत होतो येड्यासारखा. नट अर्धा फेरा जास्त आवळला की चिमटा आखडते, अर्धा कमी की उसळते. ते हातालेच समजते.

आईले बसून पाहा म्हटलं. नाई बसली. हात मात्र फिरवला. "तुह्या बाबाले दाखवाले पायजे होतं," म्हणाली.

१ डिसेंबर, सोमवार

तिसरा नंबर! आईनं शेजारीपाजारी साखर वाटली. माझ्याही हातावर ठेवली.

खुश व्हायला पायजे होतो. साखर तशीच मुठीत घेऊन लेथवर गेलो.

७ डिसेंबर

दोन चिमटे तयार. भैय्याजींनी स्वतः रंग दिला! काळा. "जा लेका," म्हणाले. "हूक बनवाले दुसरा भेटीन मले."

आईले पुण्याचं विचारलं. नुसतं म्हणाली, "तू ठरव." ती तू ठरव म्हणते तेव्हा सगळं ठरलेलंच असते.

१४ डिसेंबर

ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत पार्सल टाकलं. चिमटे गेले पुण्याले. मी नाई.

२७ डिसेंबर

ओमप्रकाशजींचा फोन. सिंहगडाच्या उतारावर पोरांनी चालवून पाह्यला. "कमाल चीज हाय भाऊ! पण खोलून पुन्हा बसवला तर कधी आखडते, कधी उसळते. वॉशर किती आवळायचे हे आमच्या कोणाले जमून नाई राह्यलं. तुम्ही स्वतः या. दहा जानेवारीपर्यंत. नाही तर साहेब बाहेरून तयार माल मागवून राह्यले."

हो म्हणालो नाई. नाई पण म्हणालो नाई. भेकड साला.

५ जानेवारी २००४, सोमवार

आईचा गुडघा सुजलेला, उठवत नाई. म्हटलं, ऑफिसात मी जातो, नंबरही विचारतो अन् आठ दिवस बाहेर जायची परवानगीही मागतो. एकदम चिडली! "तुले काय समजते तिथलं? मी जाईन पुढच्या सोमवारी." दारात उभी राह्यली, सुजल्या पायानं.

उद्या जातोच.

६ जानेवारी

ऑफिसातल्या मनकर्णाबाई बाबांना ओळखायच्या. फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. माझी ऑर्डर जून २००२ मध्येच निघालती. लांब आष्टीले, लिपिक म्हणून. रजिस्टर टपालाचा लिफाफा परत येऊन तिथंच लागलेला, वर पोस्टमनचा शेरा — आईने घेण्यास नकार दिला. नाव तेव्हाच कटलं. "तुमची आई, अनुसयाबाई? त्या तर दीड वर्षात इकडे फिरकल्याच नाई," म्हणाल्या.

घरी येऊन एवढंच विचारलं, मग दर महिन्याच्या सोमवारी जायची कुठं?

"बसस्टँडवर बसून राहायची," आई म्हणाली. "ऑर्डर घेतली असती तर तू गेला असता. यादीत होता तंवर घरी होता."