पहिलं नको

कासेल, ४ ऑक्टोबर २०२४

ती. बकुळामावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज ऐकून घाबरशील, म्हणून लिहितेय. भोईवाड्याला आईला यातलं काही सांगू नकोस, ती लगेच उपास धरेल.

हॉस्पिटलातलं काम जमतं. पण डिसेंबरात जर्मन बोलण्याची परीक्षा आहे. त्यात पास झाले नाही तर नर्सची नोकरी पक्की होणार नाही, परत यावं लागेल. पुस्तकातलं सगळं येतं, पण समोर माणूस आला की जीभ टाळ्याला चिकटते. आणि सरावाला कुणी नाही.

समोरच्या दारात फ्राऊ ब्रांट राहतात, एकट्याच, तुझ्याहून थोड्या मोठ्या. मी आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, की गुरुवारी संध्याकाळी येत जा, कॉफी पिऊ, बोलू. मी आपलं रीतीप्रमाणे ‘नाइन, डांके’ म्हटलं, म्हणजे नको, धन्यवाद. त्या हसल्या, दार लावून घेतलं, आणि पुन्हा विचारलंच नाही! आता जिन्यात नुसतं ‘गुटन टाग’. माझं काय चुकलं गं? का इथली माणसंच कोरडी?

तुझी,
अनुजा


गिरगाव, १७ ऑक्टोबर २०२४

चि. अनुजास,
गिरगावातून भरभरून आशीर्वाद.

पत्र वाचून आधी खूप हसले, मग डोळे भरून आले. वेडे, भोईवाड्याचं ‘नको’ तू थेट जर्मनीत नेलंस! आपल्याकडे पहिलं नको म्हणजे संस्कार, दुसरं म्हणजे आढेवेढे, तिसऱ्याला कप हातात घ्यायचा. तुझी आई माझ्या दारातूनच सांगते, की चहा नको, आत्ताच घेऊन आले. आणि मी खरंच ठेवला नाही, तर आठवडाभर बाईसाहेबांचा फोन नाही.

आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर हेडविग होत्या, जर्मनीच्याच. बागेतले पेरू वाटायच्या. मी लाजून नको म्हटलं, तर मान डोलावून पुढच्या मुलीकडे गेल्या. मी रडवेली झाले. कोरड्या नव्हत्या गं त्या. ताप आला तर कपाळावर हात ठेवून बसायच्या. समोरच्याचा शब्द खरा मानणं हाच त्याचा मान, असं त्यांना वाटायचं. ब्रांटबाईंनी तुझा मानच राखला.

आता बेल तू वाजव. आधी ‘एन्टशुल्डिगुंग’, माफ करा. मग ‘श्टोरे इश?’, त्रास तर देत नाही ना? आणि मग पोटातलं सरळ सांग: ‘क्योन्टन झी मिअर बिटे हेल्फन?’ मला मदत कराल का? त्यातलं ‘बिटे’ गिळू नकोस, सिस्टर त्याशिवाय पाणीही देत नसत. काही खायला पुढे केलं तर ‘गेर्न’, आनंदानं, म्हण आणि घे. मागायची लाज वाटेल. पण परक्या गावात मागावंच लागतं, बाळा.

तुझ्या आईला, चंपाला, काही बोलले नाही. उत्तर धाड, नाहीतर मीच उपास धरीन.

माझा लोभ न विचारता घेत जा.
बकुळामावशी


कासेल, १४ डिसेंबर २०२४

ती. बकुळामावशीस,
शि. सा. न.

पास झाले! आता आईला सगळं सांग, पेढे तिच्याकडूनच घे.

तुझं पत्र आलं त्या गुरुवारीच बेल वाजवली आणि तिन्ही वाक्यं एका दमात म्हणून टाकली. फ्राऊ ब्रांट म्हणाल्या, की मला एकटीनं राहायला आवडतं असं त्यांना वाटलं होतं, म्हणून पुन्हा विचारलं नाही. केक दिला, मी ‘गेर्न’ म्हटलं. दुसरा तुकडा कुणी वाढला नाही, तोही मागून घेतला! मग दर गुरुवारी गेले. त्या माझ्या चुका सुधारायच्या, मी त्यांना सोलकढी पाजली. तोंड वाकडं करून, तरी पूर्ण प्यायल्या.

निकाल सांगायला रस्त्यावरून थेट त्यांच्या दारात गेले तेव्हा त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. म्हणाल्या, की आता तुला माझी गरज नाही, तुझ्यासारख्या मुलीनं संध्याकाळ म्हातारीपाशी काढू नये. मी म्हटलं, तरी येईन. त्या नको म्हणाल्या. तुझ्या सिस्टरांच्या शिस्तीनं मी तिथूनच निघायला हवं होतं. पण मावशी, त्या दाराला धरून उभ्याच राहिल्या होत्या. मी भोईवाड्याच्या रीतीनं पुन्हा विचारलं. त्या पुन्हा नको म्हणाल्या, जरा हळू. मी आणखी एकदा विचारलं.

त्यांनी माझ्या अंगावरचा कोट काढून घेतला आणि खुंटीला लावला.

लोभ असू दे. कमी पडला तर मागून घेईन.
तुझी अनुजा