कंपनीच्या नावाखालची रेघ

बेलापूर, शनिवार, १८ मे १९४६

आज आबांशी खोटं बोललो. तेही अगदी सहज, नुसतं बोट ठेवून.

मुंबईहून आमच्या कला महाविद्यालयाचं इंग्रजी माहितीपत्रक आणलं होतं. त्यात फर्निचरचे आराखडे शिकवणारे आम्ही पाच प्राध्यापक, आणि कोणी आधी कुठं काम केलं ते. आबांना इंग्रजी येत नाही. म्हणाले, "माजं नाव कुटं हाय रं त्यात? समदं काम तर हितंच शिकलास."

खरंच आहे. अकरा वर्षं त्यांच्याच हाताखाली रंधा मारला. पण मी लिहून दिली फक्त मुंबईची कंपनी, जिथं आठ महिने होतो. गावच्या सुताराचं, आपल्याच बापाचं नाव द्यायची लाज वाटली. दुसरं काय कारण?

"हे काय, हितं हाय," म्हणालो, आणि कंपनीच्या नावावर बोट ठेवलं.

आबांनी कानावरची पेन्सिल काढली, गुण्या लावला आणि त्या नावाखाली रेघ मारली. चर्चच्या बाकांसाठी फळ्या कापताना मारायचे तशीच, एकदाच, न गिरवता.

"उद्या उपासना झाली की पाद्रीसायबांना दावतो. त्यांना विंग्रजी येतं."

जेवताना सांगता आलं असतं. भाकरी खाऊन उठलो.

पत्रक त्यांनी बायबलात ठेवलंय. काढून घ्यायचं तर बायबल उघडावं लागेल. दोनदा उठलो, दोनदा बसलो.

उद्या पाद्रीसाहेब वाचतील. कंपनीचं नाव, आणि त्याखाली आबांची ती रेघ. सरळ, कुठंही न हललेली.