सोनिकाच्या हाती हृदय देण्यापूर्वी

मी, शामला धम्मानंद गजभिये, वय त्रेसष्ट, राहणार जरीपटका, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. हृदयाची झडप खराब झाली आहे, डोके शाबूत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. येत्या सोमवारी रामदासपेठेतल्या रुग्णालयात माझी झडप बदलणार आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. जरीपटक्यातील दोन खोल्यांचे घर मी व माझे दिवंगत पती धम्मानंद यांनी स्वकमाईतून बांधले. आज ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. आम्हाला मूलबाळ नाही. मागची खोली व स्वयंपाकघर माझी धाकटी बहीण कांताबाई हिला द्यावे. समोरची खोली सोनिका रुपराव भोयर हिला द्यावी. सोनिका माझ्या नात्यातली नाही, म्हणून कारण लिहून ठेवते.

२. सोनिका शेजारच्या रुपराव भोयरांची मुलगी. तिची आई लवकर गेली. बारावीनंतर तिला परफ्युजनच्या पदवीला प्रवेश मिळाला. शस्त्रक्रियेसाठी हृदय थांबवतात, तेव्हा अंगातले रक्त फिरवत ठेवणारे यंत्र चालवण्याचे ते शिक्षण. रुपरावांचे टाइल्सचे दुकान चांगले चालते, ऐपत होती. ते म्हणाले, "लग्नाले देईन, कॉलेजले एक पैसा नाही." शैक्षणिक कर्जाच्या कागदावर सहीसुद्धा करेनात.

सोनिका माझ्या ओट्यावर बसून रडली. मी विचारले, ते यंत्र असते तरी काय? डोळे पुसून ती सांगू लागली आणि सांगता सांगता रडणे विसरली. मी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिले.

तेव्हा मी हिंगण्याला कारखान्यात पॅकिंगवर होते. रजा टाकून तिच्यासोबत बँकेत गेले. साहेबांनी विचारले, "तुम्ही हिच्या कोण?"

"शेजारीण."

"शेजारणीच्या सहीवर कर्ज होत नाही, बाई. वडिलांना आणा."

"वडील येऊन नाही राहिले, म्हणून तं मी आली."

बरेच खेटे घातल्यावर माझ्या पगाराचे व घराचे कागद पाहून त्यांनी मला जामीनदार म्हणून घेतले. कांताबाई घरी ओरडली, "काहून सही केली वं? पोरगी पळून गेली तं घर जाईन ना!" कर्ज मंजूर झाल्याचे कळताच रुपरावांनी पोरीला घराबाहेर काढले. तेव्हापासून ती माझ्या समोरच्या खोलीत राहते. वरखर्चासाठी तिने गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, माझ्याकडे हात पसरला नाही.

रामदासपेठेतल्या त्याच रुग्णालयात तिला नोकरी लागल्यावर मी म्हटले, माझ्या फंडातून उरलेले कर्ज फेडून टाकू. ती म्हणाली, "नाही मावशी. कर्ज माह्या नावचं हाय, मीच फेडीन. तुमच्यानं मी शिकली, आता हेही करू द्या मले."

३. हप्ते अजून चालू आहेत. जामीनदार मेला तरी जबाबदारी त्याच्या मिळकतीवर राहते, असे वकिलांनी सांगितले. सबब बँकेचा कर्जफेडीचा दाखला येईपर्यंत माझी मुदत ठेव कोणी मोडू नये. नंतर ती कांताबाईची. सोनिकाने आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही, हेही नोंदवून ठेवते.

४. पतीचा पुतण्या अश्विन याला घरात हिस्सा नाही. मी सही केली म्हणून "काकू, काकाचं घर बुडवलं तुम्ही" असे तो चारचौघांत बोलला आणि दीक्षाभूमीला आमच्यासोबत यायचे सोडले. मात्र धम्मानंदांची मोटार वाइंडिंगची हत्यारे त्यालाच द्यावीत. त्याचा हात चांगला आहे.

रुपरावांशी माझे देणेघेणे नाही. हल्ली ते गिऱ्हाइकांना सांगतात, "माही पोरगी हार्टची मशीन चालवते." सांगू द्यावे. कोणी टोकू नये.

५. सोमवारी माझ्यासाठी ते यंत्र सोनिका चालवणार आहे. आपल्या माणसाच्या वेळी चूक होईल या भीतीने तिने आधी नकार दिला होता. मी म्हटले, "मले दुसरं कोणी नोको." सर्जन साहेब तिच्याशी एकटीशी बोलले, मग ती तयार झाली. धोका त्यांनी मला समजावला असून संमतीची सही मी केली आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर माझा जीव गेला तरी तिला कोणी दोष देऊ नये, तक्रार करू नये. अश्विनने तर मुळीच नाही.

काल तिने मला ते यंत्र दाखवले. मी विचारले, "हृदय बंद, श्वास बंद. मंग मी कुठं राहीन वं?"

"इथंच, मावशी. माह्यापाशी."

"अन् लाइट गेली तं?"

"बॅटरी हाय. जनरेटर हाय."

"तेही बंद पडलं तं?"

तिने बाजूचा एक दांडा काढला, पंपाला लावला आणि गोल फिरवून दाखवला. "मंग हातानं. डॉक्टरचं काम होईपर्यंत."

मीही फिरवून पाहिला. थोड्याच वेळात माझा खांदा भरून आला. तिने दांडा माझ्या हातून घेतला व न थांबता, एका लयीत फिरवत राहिली. मी तिच्या बारक्या मनगटाकडे पाहत उभी राहिले. एवढ्याशा मनगटावर माणूस जिवंत राहतो! मग घरी येऊन हे लिहायला बसले.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी कांताबाईने करावी. वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: शामला धम्मानंद गजभिये

साक्षीदार:
१. नानाजी वासनिक, शेजारी
२. भावना रामटेके, कारखान्यातील जुनी सोबतीण

ठिकाण: नागपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५