पाच माणसं

चौल, भाद्रपद १९५६

बुधाजीदादा,

आपलं येणंजाणं मोडून चार वर्षं झाली, तरी तुलाच लिहितेय. राहीला पोलिओ झाला. छातीत जोर उरला नाही म्हणून पाच महिने ती मुंबईच्या इस्पितळात श्वासाच्या यंत्रात होती. आता घरी आणलीय. ओंडक्यावर आडवी फळी टाकून तिच्यावर निजवलीय. डोक्याची बाजू वर गेली की श्वास आत येतो, खाली गेली की बाहेर जातो. फळी थांबवायची नाही.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "पाळीनं हलवायला घरात माणसं किती?" मी पाच म्हणाले. त्यात तुला आणि वहिनीला धरलं. नाहीतर त्यांनी पोर दिलीच नसती. राहीचे बाबाही धरले, ते तर बोटीवर, परदेशी. सासूबाईंनी आठ दिवस साथ दिली, आज त्या तापानं पडल्यात. शेजारी भीतीनं उंबऱ्याशी येत नाहीत.

सकाळी राही म्हणाली, "आई, तू नीज थोडी. मी धरते दम."

पायानं फळी हलवत हे लिहितेय. फळी थांबवली तर तिला दम पुरतो तो फक्त विहिरीवरून कळशी आणेपर्यंत. टपालाची पेटी विहिरीच्या कितीतरी पुढं, देवळाच्या पलीकडे आहे, दादा.

तुझी सगुणा